जीव न मारता मटण : आपल्या ताटाचा विचार

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दर शनिवारी आपल्या काष्टीला जनावरांचा बाजार भरतो. लांबलांबून बैल, गाई, म्हशी, शेळ्या येतात. जनावरांवर ज्या गावाची एवढी उलाढाल, त्या गावाने एका नव्या गोष्टीचा विचार केला पाहिजे. जनावर न कापता मांस तयार करण्याची विद्या आता निघाली आहे.

ही जादू नाही. जिवंत जनावराच्या अंगातून मांसाचा बारीकसा तुकडा काढतात. त्यातल्या पेशी साखर, क्षार आणि प्रथिनांचे घटक असलेल्या पाण्यात ठेवतात. पोलादी टाकीत अंगाइतकी ऊब दिली की त्या वाढतात, एकाच्या दोन, दोनाच्या चार. आम्ही साखर कारखान्यातली माणसं. मळीत यीस्ट सोडून टाकीत स्पिरिट कसं तयार होतं, ते आम्ही जाणतो. तिथे यीस्ट वाढतं, इथे मांस. मात्र इथे जंतू शिरला तर सगळी टाकी वाया जाते.

5 ऑगस्ट 2013 रोजी लंडनला डच शास्त्रज्ञ मार्क पोस्ट यांनी अशा गोमांसाची पहिली टिक्की लोकांसमोर चाखायला दिली. त्या एका टिक्कीला अडीच लाख युरोच्या आसपास खर्च आला होता. 2020 च्या डिसेंबरात सिंगापूरने असं कोंबडीचं मांस विकायला परवानगी दिली, 2023 मध्ये अमेरिकेने दिली. त्याच वर्षी इटलीने बंदी घातली. आपल्याकडे 2019 मध्ये मुंबईच्या माटुंग्यातील रसायन तंत्रज्ञान संस्थेने यासाठी महाराष्ट्रात संशोधन केंद्र काढण्याचा करार केला. म्हणजे ही गोष्ट आता साता समुद्रापलीकडची राहिली नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? गाय-म्हैस रवंथ करते तेव्हा मिथेन वायू बाहेर पडतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साईडच्या सुमारे 28 पट पृथ्वी तापवतो. माणसामुळे हवेत जाणाऱ्या अशा वायूंपैकी 14.5 टक्के पशुपालनातून जातात, असा हिशेब संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने 2013 साली मांडला.

पण हा दोष कुणाच्या ताटाचा? अमेरिकेत माणशी वर्षाला 100 किलोच्या वर मांस लागतं. आपल्या देशात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतकंही नाही. शिवाय रवंथ काही फक्त कापायचं जनावर करत नाही, दुधाचंही करतं. तूप-पेढाही त्याच गोठ्यातून येतो. आणि ऊस? राज्यातल्या पिकाखालच्या जमिनीपैकी चार टक्क्यांहून कमी जमिनीवर ऊस, पण सिंचनाचं जवळजवळ 70 टक्के पाणी त्याला, असं केंद्राच्या कृषी मूल्य आयोगानेच म्हटलं होतं. आमची चूल उसावरच पेटली, तरी खरं ते बोललं पाहिजे. शाकाहारी ताट तेवढं पवित्र आणि मटणाचं ताट पापी, हा हिशेब जुळत नाही.

धम्म काय सांगतो? देवदत्ताने भिक्खूंना मांस-मासे कायमचे बंद करा असा आग्रह धरला, तेव्हा भगवान बुद्धांनी तशी सक्ती केली नाही. प्राणी आपल्यासाठी मारलेला पाहिला, ऐकला किंवा तशी शंका आली, तर ते मांस घेऊ नये, अशी अट घातली. बाबासाहेबांनीही आपल्या धम्मग्रंथात मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. टाकीतलं मांस या कसोटीला उतरेल असं वाटतं. पण 2013 च्या त्या टिक्कीसाठी गाईच्या पोटातल्या गर्भाच्या रक्तातला द्रव वापरला होता. आता त्यावाचूनही काम होतं म्हणतात, तरी विचारल्याशिवाय मानू नये.

ताट बदलणं आपल्याला नवं नाही. 1927 साली महाडला बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचं मांस सोडा म्हणून सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांचं खाणं सोडलं, कारण तो स्वाभिमानाचा निर्णय होता आणि तो आपण आपला घेतला. 2015 मध्ये बैलाच्या कत्तलीवर बंदीचा कायदा राज्यात लागू झाला, तेव्हा आपल्याला कुणी विचारलं नाही. थकलेला बैल विकायचा कुणाला हा शेतकऱ्याचा प्रश्न, आणि स्वस्तातलं मांस गेलं हा गरिबाचा. दोन्ही प्रश्न तसेच राहिले.

म्हणून उद्या टाकीतलं मांस आलं तर आपण तीन प्रश्न विचारावेत. पहिला, वीज कशाची? कोळशाची असेल तर गोठ्यातला वायू थांबला आणि धुराड्यातला वाढला. औषधाइतके शुद्ध घटक लागले तर हे मांस गोमांसापेक्षाही जास्त तापवणारं ठरू शकतं, असं 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी मांडलं. दुसरा, मालक कोण? शेळी ही आपल्या बायाबापड्यांची बँक आहे. पोराची फी, दवाखाना, सगळं एका बोकडावर भागतं. टाकी मात्र कंपनीची असणार. तिसरा, मजुराला ते परवडेल का?

तोवर हातावर हात धरून बसायचं का? नाही. हुलगे, मटकी कमी पाण्यावर येतात. हुलग्याचे शेंगोळे गरिबीचं खाणं म्हणून लाजायचं कारण नाही. लग्नकार्यात उष्टं टाकणं बंद करू. आणि पोरांच्या अंड्याकडे बघू. अंड्यात चांगलं प्रथिन, आणि पृथ्वीवरचा भार गोमांसाच्या मानाने कितीतरी कमी. 2023 च्या नोव्हेंबरात शाळेच्या पोषण आहारात अंडं द्यायचं सरकारने ठरवलं, आणि 2025 च्या जानेवारीत त्याचे पैसे थांबवून लोकवर्गणीतून द्या म्हटलं. आमची सूचना अशी की, वर्धापनदिनाच्या खर्चातून थोडी रक्कम पोरांच्या अंड्यांसाठी बाजूला काढावी. आपल्या दोन भगिनींनी शाळा समितीत हा विषय मांडावा. आणि ग्रामसभेतून सरकारला विचारावं की, हा पैसा का थांबवला?

काय खायचं ते आपलं आपण ठरवू, पण माहिती घेऊन ठरवू. एवढं बोलून आम्ही थांबतो.

नमो बुद्धाय, जयभीम.