तिचा पगार किती होता?



लू शून या चिनी लेखकाने १९२६ साली आपल्या लहानपणीच्या दाईवर एक लेख लिहिला. घरातली माणसं तिला 'चांग' म्हणत. चांग म्हणजे लांब, उंच. ही बाई तर बुटकी आणि स्थूल होती. झालं होतं असं की तिच्या आधी कामाला असलेली बाई खूप उंच होती, म्हणून तिला ते नाव पडलेलं. ती गेली, तिच्या जागी ही आली आणि नाव तेच चालू राहिलं. छोट्या लू शूनला एक चित्रांचं पुस्तक हवं होतं, पर्वतांतल्या आणि समुद्रांतल्या चमत्कारिक प्राण्यांचं. घरातल्या शिकलेल्या मंडळींपैकी कुणी मनावर घेतलं नाही. या निरक्षर बाईला पुस्तकाचं नावसुद्धा धड उच्चारता येत नव्हतं, पण सुट्टीवरून परतताना ती ते घेऊन आली. ती वारल्याला तीसेक वर्षं झाल्यावर लू शूनने तिच्यावर लिहिलं, आणि लिहिताना कबूल केलं की तिचं खरं नाव आपल्याला शेवटपर्यंत कळलं नाही.

चिनी कथा-कादंबऱ्यांतली आणि चित्रपटांतली मोलकरीण हा आजचा विषय. ही पुस्तकं वाचता वाचता मला एक सवय लागली. कथेतल्या घरात कामवाली आली की मी शोधू लागते, लेखकाने तिचा पगार सांगितला आहे का? मोलकरणीच्या निष्ठेबद्दल, प्रेमळपणाबद्दल, तिच्या हातच्या चवीबद्दल भरभरून लिहिणारे लेखक जगात पुष्कळ आहेत. पगार सांगणारे फार थोडे. आणि जे सांगतात त्यांची मोलकरीण जिवंत वाटते, असा माझा अनुभव आहे.

'लाल हवेलीचं स्वप्न' ही १२० प्रकरणांची कादंबरी १७९१ साली छापली गेली. तिचा लेखक त्साओ श्वे-छिन मोठ्या, पुढे धुळीला मिळालेल्या घराण्यातला. पण हे घराणं मुळात मांचू राजवटीच्या बांधील चाकरांचं होतं, आणि त्याची पणजी खांगशी बादशहाची दाई होती. चाकरी काय असते हे त्या रक्ताला ठाऊक होतं. म्हणूनच असेल, या कादंबरीत दासींचा पगार आहे. बड्या दासीला महिन्याला एक लियांग वजनाची चांदी. मालकीणबाई एकदा दुपारी डुलकी घेत असताना त्यांचा लाडका मुलगा बाओयू दासीची थट्टा करतो. मालकीणबाई जाग्या होतात, दासीच्या थोबाडीत मारतात आणि तिला कामावरून काढून टाकतात. मुलगा तोवर पळून गेलेला असतो. पोर विहिरीत जीव देते. पुढे घरातल्या खर्चाची बोलणी चाललेली असताना तिच्या एका लियांगचं काय करायचं असा प्रश्न निघतो, आणि तो तिच्या धाकट्या बहिणीला द्यायचं ठरतं. बहीणही त्याच घरात दासी. तिला आता दोन लियांग मिळणार. त्याच बैठकीत शीरेन नावाच्या दुसऱ्या दासीचा पगार दोन लियांग आणि वर नाण्यांची एक माळ असा वाढतो. बाहेर वाच्यता नाही, पण ऐकणाऱ्या प्रत्येकीला अर्थ कळतो की ही पुढे बाओयूची उपपत्नी होणार. एका मुलीचा मृत्यू आणि दुसरीची सोयरीक, दोन्ही हिशेबात मिटतात. त्साओ श्वे-छिन यावर एक शब्दही टीका करत नाही. त्याची गरजच पडत नाही.

याच हवेलीत युआनयांग आहे. थोरल्या मालकाने तिला उपपत्नी म्हणून मागितलं, तेव्हा तिने सगळ्यांसमक्ष आजीबाईंपुढे गुडघे टेकले आणि कात्री काढून स्वतःचे केस कापायला सुरुवात केली. ज्या आजीबाईंची ती दासी होती त्यांनी तिला वाचवलं. त्या जिवंत होत्या तोवर.

आता पुन्हा लू शूनकडे येते, कारण या विषयावरची सगळ्यात मोठी कथा त्याचीच आहे. १९२४ साली लिहिलेली, नववर्षाच्या पूजेवरची. तिच्यातल्या बाईला सगळे शियांगलिन साओ म्हणतात. साओ म्हणजे वहिनी, आणि शियांगलिन हे तिच्या मेलेल्या नवऱ्याचं नाव. ही विधवा सासूपासून पळून गावातल्या एका प्रतिष्ठित घरी कामाला लागते. पगार महिना पाचशे नाणी. ती पुरुषाइतकं राबते, तिच्या चेहऱ्यावर टवटवी येते. साडेतीन महिन्यांनी सासूची माणसं तिला नदीकाठावरून पळवून नेतात. सासू मालकिणीकडे येऊन तिचा पगार मागून घेते, एक हजार सातशे पन्नास नाणी. साडेतीन महिन्यांचा पूर्ण पगार. तिने त्यातलं एकही नाणं खर्च केलेलं नव्हतं. लू शून फक्त आकडा सांगतो. मी तो आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा पुस्तक मिटून ठेवलं होतं.

सासू तिला डोंगरातल्या गावी विकते, म्हणजे तिचं दुसरं लग्न लावते. दुसरा नवराही मरतो. लहानगा मुलगा दारात शेंगा सोलत बसलेला असताना त्याला लांडगा नेतो. ती पुन्हा त्याच घरी कामाला येते, पण आता ती दोन नवऱ्यांची विधवा आहे, तिचा विटाळ होतो. नववर्षाच्या पूजेच्या भांड्यांना तिने हात लावायचा नाही. दुसरी एक कामवाली तिला सांगते की मेल्यावर दोन्ही नवरे तुझ्यासाठी भांडतील आणि यमराज तुला करवतीने कापून दोघांत वाटेल. सुटायचं असेल तर देवळाला एक उंबरठा दान कर, हजारो माणसांनी तो तुडवला की तुझं पाप फिटेल. उंबरठ्याची किंमत बारा हजार नाणी. पाचशेच्या हिशेबाने ही दोन वर्षांची कमाई झाली. ती ही कमाई देते. उंबरठा बसतो. डोळ्यांत तेज घेऊन ती पूजेच्या दिवशी भांड्यांना हात लावायला जाते आणि मालकीण ओरडते, तू राहू दे. त्या एका वाक्याने ती संपते. शेवटी भीक मागत हिंडते आणि वर्षाच्या अखेरीस, घरोघरी पूजा मांडल्या जात असताना मरते.

विटाळ हा शब्द मी मुद्दाम वापरला. तो समजावून सांगण्यासाठी या सभागृहात मला एक मिनिटही खर्च करावं लागलेलं नाही.

१९५६ साली सांग हू या दिग्दर्शकाने या कथेवर रंगीत चित्रपट केला. बाई यांग या अभिनेत्रीने ती भूमिका केली. पटकथाकार शिया यान याने एक प्रसंग नवा घातला. पदरमोड करूनही विटाळ गेला नाही हे कळल्यावर शियांगलिन साओ सुरा घेऊन देवळात जाते आणि आपणच दान केलेल्या उंबरठ्यावर घाव घालते. हा प्रसंग असावा की नसावा यावर तिकडे बराच वाद झाला. माझं मत असं की तो प्रसंग क्रांतीला हवा होता, शियांगलिन साओला तो परवडला नसता. लू शूनची बाई हातही उगारू शकत नाही, आणि मूळ कथेची भयाणता त्यातच आहे.

बा जिनची 'घर' ही कादंबरी १९३१ पासून शांघायच्या दैनिकात क्रमशः आली आणि १९३३ साली पुस्तकरूपाने निघाली. छंगदू शहरातलं काओ घराणं, त्यातली दासी मिंगफेंग आणि धाकटे मालक ज्युएहुई यांचं प्रेम. आजोबा मिंगफेंगला आपल्या एका म्हाताऱ्या मित्राला उपपत्नी म्हणून देऊन टाकतात. आदल्या रात्री ती ज्युएहुईच्या खोलीत जाते. तो मासिकाचं लिखाण करत बसलेला. पुरोगामी मासिक, नव्या युगाचं. तो तिला म्हणतो, दोन दिवस थांब, मग बोलू. ती तळ्यात जीव देते. बहुतेक वाचकांना ही कादंबरी इथवरच आठवते. मला त्यापुढचं आठवतं. म्हाताऱ्याला दिलेला शब्द मोडायचा नसतो, म्हणून मिंगफेंगच्या जागी वान-अर नावाच्या दुसऱ्या दासीला पाठवलं जातं. ज्युएहुई पुढे घर सोडतो, शांघायला जातो, नायक ठरतो. वान-अर पालखीत बसून गेली. तिच्यावर कादंबरी लिहिली गेली नाही.

हॉलिवूडने चिनी मोलकरीण कशी दाखवली यावर मी थोडक्यात बोलते. पर्ल बक यांच्या 'द गुड अर्थ' या १९३१ च्या कादंबरीतली ओ-लान दुष्काळात आईबापांनी विकलेली, एका बड्या हवेलीच्या स्वयंपाकघरातली गुलाम. पर्ल बक चीनमध्ये वाढल्या, त्यांनाही चिनी दाईने वाढवलं होतं. ओ-लान लग्नानंतर आपलं पहिलं मूल नव्या कपड्यांत नटवून त्याच हवेलीत मिरवायला नेते, तो भाग त्यांनी फार जाणून लिहिला आहे. १९३७ च्या चित्रपटात ओ-लानचं काम जर्मनीत जन्मलेल्या लुइझ रायनर यांना मिळालं आणि त्यांना ऑस्करही मिळालं. लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली चिनी अभिनेत्री अ‍ॅना मे वाँग त्या भूमिकेसाठी आसुसलेली होती. तिला ती दिली नाही. चिनी गुलाम मुलीचं काम करायलाही चिनी बाई चालली नाही.

कादंबरीबाहेर या मुलींचं काय चाललं होतं? हाँगकाँग आणि सिंगापूरच्या चिनी घरांत विकत घेतलेल्या मुलींना 'मुईत्साय' म्हणत. शब्दाचा अर्थ धाकटी बहीण. त्यांना पगार नसे, कारण त्यांची किंमत एकदाच, आईबापांना, चुकती झालेली असे. हाँगकाँगच्या ब्रिटिश सरकारने १९२३ साली कायदा करून नव्या मुली ठेवायला बंदी केली, पण असलेल्या मुलींची नोंदणी सुरू व्हायला १९२९ साल उजाडलं. अशीच विकली गेलेली जॅनेट लिम पुढे सिंगापूरमध्ये परिचारिका झाली आणि १९५८ साली तिने स्वतःची कहाणी लिहिली. पुस्तकाचं नाव 'सोल्ड फॉर सिल्व्हर'. चांदीसाठी विकलेली. इथे आकडा मालकाने नाही, तिने सांगितला.

त्याच काळात दुसऱ्या एका प्रकारच्या बायका समुद्र ओलांडत होत्या. कँटनजवळच्या शुनडे भागात रेशमाच्या गिरण्यांत काम करून स्वतःच्या पायांवर उभ्या राहिलेल्या बायका विधिपूर्वक केसांचा अंबाडा घालून आजन्म अविवाहित राहण्याची शपथ घेत. १९३० च्या मंदीत रेशीम कोसळलं आणि त्या हाँगकाँग, मलाया, सिंगापूरला घरकामाला गेल्या. पांढरा सदरा, काळी विजार, पाठीवर वेणी किंवा मानेवर अंबाडा. त्यांना म्हणत आमा. हा शब्द पोर्तुगीज 'आमा'वरून आला, आणि आपला 'आया' हा शब्द पोर्तुगीज 'आइआ'वरून. तिकडे मकाव, इकडे गोवा. लंडनच्या हॅकनी भागात गोऱ्या मालकांनी परतीच्या तिकिटाशिवाय सोडून दिलेल्या बायकांसाठी 'आयाज होम' नावाचं घर होतं. तिथे हिंदुस्थानच्या आया आणि चीनच्या आमा एकाच छपराखाली बोटीची वाट पाहत. २०२२ साली त्या घरावर निळी स्मृतिपाटी लागली.

आमाच्या डोळ्यांनी घर पाहणारी कथा आयलीन चँग यांनी १९४४ साली शांघायमध्ये लिहिली. त्यातली आ शाओ एका गोऱ्या माणसाच्या बिऱ्हाडात काम करते. मालक चिकट. त्याच्याकडे येणाऱ्या बायकांचे फोन तीच मोडक्यातोडक्या इंग्रजीत परतवते. तिचा लहान मुलगा स्वयंपाकघरात बसून जेवतो आणि त्या प्रत्येक घासाचं तिला भान ठेवावं लागतं. इथे मोलकरीण रडत नाही, मरत नाही. ती मालकाला जोखते, आणि तो तिला हलका वाटतो. पुढे आयलीन चँग यांनी स्वतःच ही कथा इंग्रजीत नेली. चिनी साहित्यात असं चित्र मला दुसरं सापडलेलं नाही.

झांग यिमो यांचा १९९१ चा 'रेज द रेड लँटर्न' आपल्याकडे फिल्म सोसायट्यांतून पुष्कळांनी पाहिला आहे. चौथी बायको सोंगलियान झालेली गाँग ली सगळ्यांना आठवते. मला तिची दासी यान-अर आठवते. मालक कधी तरी आपल्यालाही बायको करेल या आशेवर ती फेकून दिलेले, फाटके लाल कंदील आपल्या खोलीत लपवून लावते. सोंगलियान ते उघडकीला आणते. कंदील अंगणात जाळले जातात, यान-अर बर्फात गुडघ्यांवर बसते, क्षमा मागत नाही आणि मरते. स्वतः कोंडलेली, शिकलेली सोंगलियान आपल्या हाताखालच्या मुलीला मारते. कामवाली आणि मालकीण या नात्यावर इतकं खरं मी पडद्यावर क्वचित पाहिलं आहे.

आता शेवटचा चित्रपट. त्याआधी एक घरची गोष्ट. माझी आई गेल्यावर तिच्या हिशेबाच्या जुन्या वह्या मी चाळल्या. आमच्याकडे सतरा वर्षं भांडी घासायला येणाऱ्या बाईंना आम्ही दगडूची आई म्हणत असू. वहीत दर महिन्याच्या एक तारखेला नोंद होती: द. आई, आणि पुढे आकडा. पैसे चोख दिलेले, एकही महिना चुकलेला नाही. नाव कुठेच नव्हतं. मी इतकी वर्षं लेखकांना पगार विचारत होते, आणि माझ्या घरात फक्त पगारच लिहिलेला होता.

अ‍ॅन हुई यांचा 'अ सिंपल लाइफ' २०११ चा. हाँगकाँगच्या एका कुटुंबात तेराव्या वर्षी आलेली आ ताओ, साठ वर्षं, चार पिढ्यांची चाकरी. आता फक्त रॉजर हा चित्रपटनिर्माता घरात उरलेला. ती त्याला जेवायला वाढते, तो जेवतो, फारसं बोलत नाही. एक दिवस तिला पक्षाघाताचा झटका येतो आणि ती स्वतःच वृद्धाश्रमात जायचं ठरवते. मग तो तिला भेटायला जाऊ लागतो आणि विचारणाऱ्यांना आपण तिचा मानलेला मुलगा असल्याचं सांगतो. साठ वर्षांचं ऋण दोन-तीन वर्षांच्या भेटींनी फिटत नाही, आणि चित्रपट ते फिटल्याचा आव आणत नाही. डीनी इप यांना या भूमिकेसाठी व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

ही गोष्ट रॉजर ली या निर्मात्याच्या स्वतःच्या घरातली आहे. त्यांच्या घरच्या त्या बाईंचं नाव चुंग छुन-ताओ. चित्रपटात ते बदललेलं नाही.