ढगातलं कपाट, किल्ली कोणाकडे?

(राजपुरा येथे गणेशोत्सवात आरतीनंतर झालेलं भाषण)



आरती झाली, प्रसाद झाला, आणि आता मुलांच्या नाचांच्या आधी आमचं भाषण आलं आहे. लांबण लावणार नाही. विषय आहे 'क्लाउड आणि ऑनलाइन शिक्षण'. तो ऐकून मागच्या रांगेतले दोन काका मावा जिलेबीच्या दिशेनं निघाले होते, त्यांना हाताला धरून बसवलं आहे.

सुरुवात आमच्या चुकीपासून करतो. २०२० च्या टाळेबंदीत मंडळाचा रविवारचा मराठी वर्ग बंद पडला. आपली मुलं शाळेत हिंदीतून नाहीतर इंग्रजीतून शिकतात. घरी मराठी बोलतात, पण तीही 'आई, मला भूक लागून राहिली' अशी, आणि वाचायला दिलं की 'ळ'पाशी गाडी अडते. म्हणून आम्ही वर्ग मोबाइलवर नेला. बालभारतीची पुस्तकं पीडीएफ रूपात मोफत मिळतात, ती उतरवून घेतली. आपल्या निवृत्त बाई धडे वाचून पाठवू लागल्या. मग कोणाला तरी सुचलं की घरोघरच्या आज्यांनाही बोलतं करू या. जात्यावरच्या ओव्या, भुलाबाईची गाणी, तापीच्या पुराच्या आठवणी, असं बरंच काही जमलं.

हे सगळं ठेवलं कुठे? मंडळातल्या एका होतकरू मुलानं आपल्या खात्यात, क्लाउडवर ठेवलं. जागा फुकट होती आणि आम्ही निश्चिंत होतो. पुढे तो नोकरीला बाहेरगावी गेला, त्याचा मोबाइल नंबर बदलला, पासवर्ड विसरला गेला. नवा पासवर्ड मिळवायचा तर जुन्याच नंबरावर निरोप जाणार! बरेच महिने आम्ही 'बघू, करू' म्हणत राहिलो. शेवटी ते खातं बंद झालं. त्या मुलाचा दोष नाही. मंडळाची ठेव एका पोराच्या खिशात ठेवून विसरलो ते आम्ही. गाणी म्हणणाऱ्यांपैकी दोन आज्या आता आपल्यात नाहीत. त्यांच्या मुलांनी आवाज मागितला, तेव्हा आम्हांला खाली बघावं लागलं.

आता क्लाउड म्हणजे काय ते पाहू, आणि त्यासाठी बुऱ्हाणपूरकरांना लांब जायला नको. आपला कुंडी भंडारा आठवा. १६१५ च्या सुमाराला, जहांगीर बादशहाच्या काळात, अब्दुर्रहीम खानखाना इथे असताना तो बांधला गेला. सातपुड्यात मुरलेलं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात येतं, उतारानं वाहतं, आणि वर शंभराहून जास्त कुंड्या आहेत. प्रत्येक घरानं आपला झरा खणायचा नाही; जवळच्या कुंडीत पोहरा सोडायचा, लागेल तेवढं घ्यायचं. क्लाउडचंही तसंच आहे. मोठं यंत्र विकत घेऊन घरात ठेवायचं नाही, दुसऱ्याच्या यंत्रातली जागा आणि ताकद लागेल तेवढी भाड्यानं घ्यायची. ॲमेझॉननं २००६ साली अशी जागा भाड्यानं द्यायला सुरुवात केली आणि हा धंदा पसरला.

पाणी जसं आकाशात नाही, जमिनीखाली आहे, तशी ही माहितीही ढगात नसते. मायक्रोसॉफ्टनं २०१५ साली पुणे, मुंबई आणि चेन्नई इथे अशी केंद्रं सुरू केली, ॲमेझॉननं २०१६ साली मुंबईत. म्हणजे आपल्या स्टेशनावरून भुसावळमार्गे मुंबईला जाणारी गाडी ज्या गावात थांबते, तिथल्याच एखाद्या थंडगार इमारतीत आपल्या आजीची ओवी पडलेली असू शकते. आणि कुंड्यांत चुन्याचे थर चढतात, ते काढावे लागतात. इथेही देखभाल लागते. यंत्राची ते करतात. खात्याची, पासवर्डची, नंबराची आपणच करायची.

ही झाली जागा. पण नुसत्या जागेनं शाळा होत नाही. कपाटात हजार पुस्तकं कोंबली म्हणजे वाचनालय होत नाही. नोंदवही लागते, ग्रंथपाल लागतो. ते काम करणाऱ्या प्रणालीला कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीम म्हणतात, आपण आशय-व्यवस्था म्हणू. कोणता धडा कोणी लिहिला, कोणी तपासला, आधीची प्रत कोणती, कोणाला दाखवायचा, हे सगळं ती सांभाळते. त्याच्या पुढची पायरी म्हणजे कोणत्या मुलानं धडा पाहिला, गृहपाठ दिला का, गुण किती, हेही ठेवणारी शिक्षण-व्यवस्था.

या दुसऱ्या प्रकारातलं जगभर वापरलं जाणारं नाव म्हणजे मूडल. ते ऑस्ट्रेलियाच्या मार्टिन डुगियामास यांनी तयार केलं, पहिली आवृत्ती २००२ सालची. हा गृहस्थ लहानपणी पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात वाढला. शाळा शेकडो कोस दूर, म्हणून गुरुजींचा आवाज रेडिओवर यायचा आणि धडे विमानानं. असं बालपण काढलेल्या माणसानं लांबच्या मुलांसाठी शाळा बांधली आणि ती फुकट, उघडी ठेवली, याचं आम्हांला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडची गोष्टही कमी नाही. मुक्त विद्यापीठ नाशकात १९८९ पासून आहे, एमकेसीएल २००१ पासून. ते सर्वांना माहीत आहे. आम्हांला सांगायचंय ते सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचं. तिथल्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापायची कल्पना त्यांनी राबवली, पुढे ती राज्यानं उचलली. २०२० साली त्यांना दहा लाख डॉलरचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना वाटून टाकली.

तो चौकोनी कोड म्हणजे धडा नव्हे, धड्याचा पत्ता. पुस्तक एकदा छापलं की छापलं. पण पत्त्यावर काय ठेवायचं हे नंतर बदलता येतं. चित्रफीत चुकली तर नवी ठेवा, पुस्तक तेच. हीच आशय-व्यवस्थेची करामत. देशभर हे काम 'दीक्षा' नावाच्या व्यासपीठावर चालतं. ते ५ सप्टेंबर २०१७ रोजी, शिक्षकदिनी सुरू झालं. कॅमेरा धड नसेल तर कोडाखाली छापलेली सहा अक्षरं टाइप केली तरी चालतं, हे आपल्या मुलांना सांगा.

दीक्षाकडून दोन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. ते ज्या सॉफ्टवेअरवर उभं आहे ते खुलं आहे. म्हणून २०२३ साली ते मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडवरून ओरॅकलच्या क्लाउडवर न्यायचं ठरलं, तरी धडे आणि कोड तेच राहू शकले. घरमालक बदलला, संसार तोच. दुसरी गोष्ट कडू आहे. जानेवारी २०२३ मध्ये बातमी आली की दीक्षाची माहिती ठेवलेली एक क्लाउडवरची जागा कुलूप न लावता उघडी राहिली होती आणि लाखो शिक्षकांची नावं, फोन नंबर कोणालाही दिसू शकत होते. एवढ्या मोठ्या कारभारात कडी लावायची राहते, तर आपली काय कथा? मुलांचे फोटो आणि नावं टाकताना आईवडिलांना विचारलंच पाहिजे; २०२३ च्या कायद्यातही अठरा वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांची संमती सांगितली आहे.

मग आपण काय करायचं ठरवलं? मूडल आम्ही बसवून पाहिलं. छान आहे, पण आपल्या वीसेक मुलांसाठी ते म्हणजे घरच्या वरणभाताला गावजेवणाची कढई. ज्यांना मोठी शाळा चालवायची आहे त्यांनी जरूर घ्यावं. आपल्याला साधं खातं आणि नीट नोंदवही पुरेल. खातं मंडळाच्या नावानं काढलं आहे, कोणाच्या खासगी नावानं नाही. किल्ल्या दोघांकडे, एक ज्येष्ठ, एक तरुण, आणि कार्यकारिणी बदलली की हिशेबाच्या वह्यांबरोबर पासवर्डही सुपूर्द करायचा. शिवाय सगळ्याची एक प्रत हार्ड डिस्कवर मंडळाच्या कपाटात आणि दुसरी एका सभासदाच्या घरी.

खर्चाचं विचाराल तर हिशेब सोपा आहे. चांगल्या आवाजाचं एक मिनिट साधारण एक एमबी घेतं, म्हणजे एक तास साठ एमबी. फुकट मिळणाऱ्या पंधरा जीबीत असे अडीचशे तास मावतात. चित्रफिती ठेवल्या तर जेमतेम पंधरा-वीस. म्हणून आवाज आधी, चित्र मागाहून.

जुन्या मुद्रणांपैकी अकरा सापडली आहेत, लोकांच्या फोनमध्ये फॉरवर्ड होऊन पडलेली. फाइलीचं नाव नुसतं 'ऑडिओ' आणि तारीख. आवाज कोणाचा, हे आम्हांला तीनांच्या बाबतीत ओळखता आलं नाही. म्हणून आज मंडपाच्या उजव्या बाजूला, पुस्तकांच्या टेबलावर, एक फोन आणि एक नोंदवही ठेवली आहे. नाच संपल्यावर जेवायला जाण्याआधी तिथे थांबा, ती तीन गाणी ऐका. आवाज ओळखीचा वाटला तर नाव लिहा. आणि आपल्या जुन्या फोनमध्ये भुलाबाईचं एखादं गाणं पडलं असेल, तर फोन विकण्याआधी आम्हांला हाक मारा.