शून्याने भागिले असता



संत नामदेवांच्या या हिंगोली जिल्ह्यात गणितावर बोलावयास मी उभा आहे, तो कला शाखेचा पदवीधर. माझा अधिकार एका प्रश्नापुरताच. पाचाला शून्याने का भागायचे नाही, असे मी शाळेत विचारले होते. ‘परीक्षेत येत नाही,’ हे उत्तर मिळाले.

भास्कराचार्यांनी प्रश्न टाळला नाही. ११५० च्या ‘सिद्धांतशिरोमणी’तील बीजगणितात ते अशा राशीला ‘खहर’ म्हणतात. तीत मिळवा वा वजा करा, ती बदलत नाही. उपमा दिली आहे अनंत अच्युताची! आजचे गणित हे उत्तर मानत नाही. कोणताही भागाकार धरला तरी त्याला शून्याने गुणून पाच परत मिळत नाहीत. पूर्वजांचा अभिमान बाळगताना हेही सांगितले पाहिजे. परंतु अनंत ही संख्या आहे काय, संख्या मुळात आपण निर्मितो की शोधतो, हा विचार म्हणजेच गणिताचे तत्त्वज्ञान.

चाळीसगावजवळ पाटण येथे आचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिल्याचे शिलालेख सांगतो. आपल्याकडे मात्र गणिताची हुशार मुलगी विज्ञानाला जाते आणि तत्त्वज्ञान कला शाखेत राहते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने ही भिंत पाडण्याचे ठरविले आहे. तेव्हा पालकहो, प्रवेशाच्या वेळी महाविद्यालयात विचारा : गणितासोबत तर्कशास्त्र मिळेल काय? नकार आला, तर अर्ज लेखी द्या आणि पोच घ्या.