विसावा भाग बाकी आहे
(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमातील मनोगत)



बँकेत एका रुपयाचा फरक निघाला, तरी तो सापडेपर्यंत आम्ही घरी जात नसू. त्यामुळेच असेल, मला रहस्यकथांचं वेड. त्यातली माझी लाडकी मालिका म्हणजे एलिस पीटर्स या इंग्रज लेखिकेची 'ब्रदर कॅडफेल'. वीस कादंबऱ्या, पहिली १९७७ची.

काळ बाराव्या शतकाचा. इंग्लंडच्या गादीसाठी स्टीफन आणि मॉड या आते-मामे भावंडांची भाऊबंदकी पेटलेली. श्रूझबरीच्या मठात साठीकडे झुकलेला कॅडफेल, एकेकाळी धर्मयुद्धात लढलेला, औषधी वनस्पतींची बाग सांभाळतो आणि खुनी शोधतो. पहिल्याच भागात संत विनिफ्रेडच्या अस्थी येतात. तिचं तुटलेलं शिर पुन्हा जोडलं गेलं, अशी आख्यायिका! शिवाय बहुतेक भागांत एखादं प्रेमी जोडपं असतं. कॅडफेल त्यांना गुपचूप मदत करतो.

माझी पत्नी आजारी होती, तेव्हा रोज रात्री मी तिला ही गोष्ट मराठीतून सांगत असे. खुनी ती माझ्याआधी ओळखायची. म्हणायची, "ते राहू द्या, त्या दोघांचं लग्न होतंय ना?" चौदा भाग झाले आणि ती गेली. पुढची पुस्तकं मी दोन वर्षं उघडली नाहीत.

मग शेजारच्या वहिनी म्हणाल्या, "काका, आम्हाला सांगा की!" तेव्हापासून दर बुधवारी सोसायटीच्या ऑफिसात आम्ही सात-आठ जण जमतो. एकोणीस भाग झाले. विसावा मुद्दाम ठेवलाय. संपवायची घाई नाही.

तुम्हीही या. चहा असतोच.