नखाएवढा धंदा आणि पुढचे शिक्षण



आम्ही नखांवर बोलणार असे कळवल्यावर या मालेच्या चिटणिसांनी फोन करून दोनदा विचारले, "नक्की नखांवरच ना?" त्यांचा दोष नाही. या व्यासपीठावर थोर विषयांवर विद्वान बोलून गेले आहेत. आम्ही आठवीतून शाळा सोडून लेथवर उभे राहिलो. पुढचे जे काही शिक्षण झाले ते रद्दीच्या दुकानांतून आणि युनियनच्या कचेरीतल्या बाकावर. तेव्हा आमचा विषयही त्याच बाकावरून आलेला आहे.

गेल्या पावसाळ्यात आमच्या ओळखीचे एक गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन कचेरीत आले. ते स्वतः एका सोसायटीत वॉचमन आहेत. मुलगी नुकतीच नेल टेक्निशियनचा एक महिन्याचा कोर्स पास झाली होती. तिच्यापुढे तीन वाटा होत्या. जिथे शिकली त्याच संस्थेचा तीन दिवसांचा 'मास्टर' कोर्स होता. फी पंचेचाळीस हजार रुपये, हप्त्याने. दुसरी वाट एका मोठ्या सलूनची. ते पुढचे फुकट शिकवणार, पण दोन वर्षांचा बॉण्ड, मध्येच सोडल्यास एक लाख भरायचे आणि मूळ प्रमाणपत्रे त्यांच्याकडे ठेवायची. तिसरी वाट स्टेशनजवळच्या एका बाईंची. त्यांचे लहानसे पार्लर आहे, पगार बेताचा. "काका, यातले कोणते घ्यावे?" असे तिने विचारले.

आम्हाला नखांतले काय कळणार? आम्ही तिला तिची पेटी उघडायला सांगितली. तिने टेबलावर एकेक वस्तू मांडली, त्यात कानशी निघाल्या. १००, १८० आणि २४० नंबरच्या. नंबर जितका लहान तितकी कानस खरबरीत. हे आमच्या घरचेच. फिटरच्या हाती पहिल्या दिवशी कानसच देतात आणि महिनोन् महिने तीच घासायला लावतात. आम्ही विचारले, "खरबरीत कानस खऱ्या नखावर मारलीस तर?" ती म्हणाली, "नख पातळ होतं काका, आणि ते पूर्ण वाढून जाईपर्यंत सहा महिने जातात."

मग तिनेच आम्हाला शिकवले, आणि त्या शिक्षणातूनच तिच्या प्रश्नाचे उत्तर निघाले. नुसता रंग लावणे हे यातले सर्वांत सोपे काम. जेल किंवा अ‍ॅक्रिलिक बसवून नख लांबवणे, म्हणजे एक्स्टेन्शन, ही खरी कारागिरी. बोटाचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. वर बसवलेले नख त्याबरोबर पुढे सरकते, मुळाशी फट पडते, आणि दोन-तीन आठवड्यांनी गिऱ्हाईक ती भरून घ्यायला परत येते. पहिल्या दिवशी सर्वांचेच काम छान दिसते, फोटोही छान येतो. नखावरचे तेल नीट काढले नसेल, जेल कातडीवर उतरले असेल, तर कडा सुटतात. सुटलेल्या कडेखाली पाणी मुरते आणि कधी कधी तिथे हिरवा डाग पडतो. लोक त्याला बुरशी म्हणतात; बहुधा तो स्यूडोमोनास नावाच्या जंतूचा असतो. त्यावर नवा थर चढवून झाकणे हा गुन्हा आहे. बसवलेले नख उतरवून गिऱ्हाइकाला डॉक्टरकडे धाडावे लागते.

म्हणजे या धंद्याची परीक्षा एकविसाव्या दिवशी असते. आणि कोर्स तीन दिवसांचा! शिकवणाऱ्या बाई विद्यार्थिनीचे काम तिसऱ्या दिवशी पाहतात, टाळ्या होतात, चौकटीतले प्रमाणपत्र मिळते. सराव होतो तो प्लास्टिकच्या बोटांवर, आणि प्लास्टिकचे नख काही वाढत नाही. आम्ही त्या मुलीला म्हणालो, "पोरी, तुझे एकविसाव्या दिवसाचे काम जो पाहील आणि चूक कुठे झाली ते सांगेल, तो तुझा मास्तर. तसा या तिघांत कोण आहे?" ती थोडा वेळ गप्प राहिली. वडील मात्र नाराज दिसले. त्यांच्या मनात 'मास्टर' हा शब्द भरला होता, आणि बायकोची भिशी त्यासाठीच राखली होती.

आता रसायनाबद्दल थोडे, कारण इथे नुसता पैसा नव्हे, हातच पणाला लागतो. फ्रेड स्लॅक नावाच्या एका अमेरिकन दंतवैद्याने १९५४ साली आपले मोडलेले नख दातांच्या अ‍ॅक्रिलिकने सांधले, तिथून या धंद्याचा उगम सांगतात. नखाचा आणि दाताचा माल असा एकाच घराण्यातला. पुष्कळशा जेलमध्ये 'हेमा' नावाचे रसायन असते. नाव बाईचे आहे, पण स्वभाव वाईट. कच्चे जेल कातडीला वरचेवर लागले की अ‍ॅलर्जी होऊ शकते, आणि ती एकदा जडली की बहुधा जन्मभर राहते. पुढे दातात सिमेंट भरतानाही त्रास होऊ शकतो. ज्या मुलीला ती जडली तिचा धंदा संपला. पातळ हातमोज्यांतूनसुद्धा हा माल काही मिनिटांत आत उतरतो. जेल आणि दिवा एकमेकांशी जुळणारे नसले तर वरून सुकल्यासारखे दिसते आणि आत कच्चे राहते. युरोपीय संघाने २०२० च्या नियमाने हेमा फक्त व्यावसायिकांच्या हाती राहील असे ठरवले. आणि जेल दिव्याखाली घट्ट करणारे टीपीओ नावाचे दुसरे द्रव्य १ सप्टेंबर २०२५ पासून तेथे सौंदर्यप्रसाधनांत बंद झाले. आपल्या बाजारात बाटलीवर बारीक अक्षरात काय लिहिले आहे हे वाचता येणे, हेच आमच्या मते पुढच्या शिक्षणातले पहिले पुस्तक. फुले-पाने काढण्याचा वर्ग त्यानंतर.

अमेरिकेत या कामाला परवाना लागतो. कॅलिफोर्नियात चारशे तास शिकावे लागते, न्यूयॉर्कमध्ये अडीचशे. आपल्याकडे कारागिराला असा परवाना लागत नाही. म्हणून कोणीही संस्था काढतो आणि 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द पाटीवर लिहितो. सरकारी आयटीआयत कॉस्मेटॉलॉजीचा वर्षाचा अभ्यासक्रम आहे. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत, काम करता करता शिकलेल्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याचीही सोय ठेवली गेली. कागद हवा असेल तर तो असा मागाहूनही मिळू शकतो. त्यासाठी आधी कर्ज काढण्याचे कारण नाही.

बॉण्डविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात. एक म्हणतो, सही केली की गुलामी. दुसरा म्हणतो, तो नुसता कागद आहे, फाडून टाक. दोघेही चूक. १८७२ च्या करार कायद्याचे सत्ताविसावे कलम धंद्याला आडकाठी करणारा करार रद्द ठरवते हे खरे. पण मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँक अधिकाऱ्याच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख भरण्याची अट वैध ठरवली. तेव्हा सही करण्यापूर्वी विचारावे, की शिकवण्यावर यांचा खर्च खरोखर किती झाला, आणि एक लाखाचा आकडा आला कुठून? मूळ प्रमाणपत्रे मात्र कोणाच्या कपाटात ठेवू नयेत. आमचा शाळा सोडल्याचा दाखला वयाच्या सतराव्या वर्षी एका वर्कशॉपच्या मालकाने 'जपून' ठेवला होता. दुसरीकडे बरी नोकरी मिळत होती. दाखला हाती यायला चार महिने लागले, तोवर ती जागा गेली. कदाचित म्हणूनच आमची आयुष्यभराची जागा युनियनच्या बाकावर झाली!

आमच्या चळवळीची एक लाजिरवाणी गोष्टही इथे सांगितली पाहिजे. चारू खुराना या बाई लॉस एंजेलिसच्या संस्थेत मेकअप शिकून आल्या, आणि मुंबईच्या चित्रपट व्यवसायातल्या कारागिरांच्या संघटनेने त्यांना मेकअपचे कार्ड नाकारले, कारण काय, तर त्या बाई! बायकांनी केस करावेत, मेकअप पुरुषांनीच करावा, असा नियम दशकानुदशके चालला होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडला. हा अन्याय मालकाने नाही, युनियनने केला होता. तेव्हापासून कोणी कोर्सविषयी विचारले की आम्ही म्हणतो, फी भरण्याआधी त्या वाटेने गेलेल्या दोन मुलींना गाठ, आणि पुढचे दार उघडे होते का ते त्यांच्या तोंडून ऐक.

त्या मुलीने असे विचारले. 'मास्टर' झालेल्या दोघींपैकी एक मोबाईलच्या दुकानात होती. मग ती स्टेशनजवळच्या बाईंकडे बसली. तिथे बोलणी करायला आम्ही गेलो होतो, सवयच ती! "शिकते आहे म्हणून फुकट राबणार नाही, तिच्या हातून झालेल्या प्रत्येक कामाचा ठरलेला वाटा तिला, आणि कडा सुटलेले नख दुरुस्तीला आले तर ते तुमच्यासमोर तिनेच करायचे." बाई हसल्या आणि म्हणाल्या, "हे शेवटचं मी असंही करवून घेतलं असतं."

दिवाळीनंतर तिचे पहिले हिरवे नख आले. स्वतःच्याच हातचे. रात्री घरी जाऊन रडली, असे वडील सांगत होते. वाटा बेताचाच मिळतो. 'मास्टर'ची पाटी लावलेली तिची वर्गमैत्रीण आज तिच्यापेक्षा जास्त कमावते, हेही आम्ही लपवत नाही. त्या वॉचमनकाकांनी ते आम्हाला दोनदा ऐकवले आहे.

मागच्या आठवड्यात ती पुन्हा आली. एका बाईंनी नवा वर्ग काढला आहे. फी बारा हजार, आणि प्रत्येकीने तीच मॉडेल तीन आठवड्यांनी परत आणून दाखवायची अशी अट. "आता घेऊ का, काका?" आम्ही म्हटले, कागद आण, वाचू. उद्या संध्याकाळी ती तो घेऊन येणार आहे.