नावात जकात असते



कापूस-ज्वारीवाल्यांच्या सभेत गोळ्या-चॉकलेटची गोष्ट कशाला, असे तुम्ही म्हणाल. ऐकून घ्या. ही गोष्ट फिरून आपल्याच कापसाच्या गंजीवर येऊन बसते.

बंदरात माल उतरला की कस्टमवाला आधी त्याचे नाव विचारतो. प्रत्येक नावाला एक आकडा आहे. १९८८ पासून जगातल्या बहुतेक देशांत त्याचे पहिले सहा अंक सारखेच चालतात. साखरेची गोळी १७०४ मध्ये. तिच्यात कोको पडला की ती १८०६ मध्ये. पांढरे चॉकलेट नावाने चॉकलेट, पण बसते १७०४ मध्ये. आकडा बदलला की जकात बदलू शकते. म्हणून मालापेक्षा नावावरच जास्त भांडणे होतात.

अमेरिकेचे पाहा. खुल्या बाजाराचे धडे जगाला देणाऱ्या या देशाने स्वतःच्या साखरेभोवती कुंपण घातले आहे. कोट्यापर्यंत कमी जकात, त्यापुढे भारी. साखरेच्या पाकालाही तेच. फक्त एक फट होती. पाकात विरघळलेल्या घटकांपैकी साखरेव्यतिरिक्त घटक ६ टक्क्यांपर्यंत असतील तर कोटा लागू. त्याहून जास्त असतील तर लागू नाही. हार्टलँड नावाच्या कंपनीसाठी कॅनडात पाकात मळी मिसळली जाई. ६ टक्क्यांची रेघ ओलांडली की पाक मिशिगन राज्यात येई. तिथे मळी काढायची आणि गोड पाक आइस्क्रीम-मिठाईच्या कारखान्यांना विकायचा!

१९९५ मध्ये कस्टमनेच लेखी मान्य केले होते की हा माल कोट्याबाहेरचा. पुढे तिथल्या साखर उद्योगाच्या संघटनांनी जकातीचे पुस्तक वाचून तक्रार केली. १९९९ मध्ये कस्टमने आपला निर्णय फिरवला. खालच्या कोर्टात कंपनी जिंकली, २००१ मध्ये वरच्या कोर्टात कस्टम जिंकले. सारे भांडण कशावर? पाकाला काय म्हणायचे यावर.

आता आपल्या पऱ्हाटीकडे या. कापसाचा आकडा ५२०१. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेरच्या कापसावर सारे मिळून ११ टक्के जकात बसली. फेब्रुवारी २०२४ मध्ये ३२ मिलिमीटरहून लांब धाग्याच्या कापसाला माफी मिळाली. म्हणजे गाठ एकच, पण जकात ठरवणार फूटपट्टी. ऑगस्ट २०२५ मध्ये तर सगळ्याच कापसावरची जकात उठली. आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. आमची पेरणी होऊन गेली होती, खत-फवारणीचे कर्ज डोक्यावर होते, आणि वेचणीच्या तोंडावर बाजाराचा नियम बदलला.

कोणी म्हणेल, तुम्हालाही अमेरिकेसारखे कुंपण हवे. नाही. कुंपण आले की फट शोधणारा येतो आणि फट बुजवणारा इन्स्पेक्टरही येतो. दोघेही आपल्या घामावर जगतात. शिवाय दार एकाच बाजूने उघडते. भाव पडायचा असेल तेव्हा आयात मोकळी; भाव चढला तेव्हा, २०१० आणि २०१२ मध्ये, कापसाची निर्यात रोखली. हा खुला बाजार नव्हे, ही लूट आहे.

आमची मागणी साधी आहे. जकात काय राहील ते पेरणीआधी सांगा आणि कापूस विकला जाईपर्यंत हलवू नका. आयात मोकळी ठेवायची तर निर्यातही मोकळी ठेवा.

आणि एक काम आपले. पंचांग पाहून आपण पेरणी ठरवतो, तसे जकातीचे पुस्तकही वाचायला शिकले पाहिजे. कापूस ५२०१, सरकीचे तेल १५१२, ज्वारी १००७. हे तीन आकडे गावागावात दोन-दोन पोरापोरींच्या तोंडी असू द्या. दर बदलला की त्याच दिवशी गावाला कळले पाहिजे. ज्याला आपल्या मालाचे नाव ठाऊक नाही, त्याचा भाव दुसराच कोणी ठरवतो.