वृद्धिसंप्रेरकाची उणीव आणि हृदयाचे आरोग्य



मी बी. कॉम. झालेला कापडाचा व्यापारी. वैद्यकावर बोलण्याचा अधिकार माझा नाही. परंतु वाचून आणि जाणकारांना विचारून जे समजले, ते आपणांसमोर ठेवतो.

आपल्या महाड-पोलादपूर भागाला विषाचा हृदयाशी असलेला संबंध नवा नाही. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाने शरीरात संप्रेरकांचे वादळ उठते व हृदय निकामी होऊ लागते, हे ओळखले. त्यावर प्राझोसिन या साध्या गोळीचा त्यांनी केलेला उपयोग 1986 साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. विंचवाच्या दंशाने काही संप्रेरके एकाएकी उसळतात. आज मला सांगायचे आहे ते संप्रेरक वर्षानुवर्षे कमी पडले तर काय होते, याविषयी.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. डॉक्टर तिला पिट्युटरी म्हणतात. थायरॉईड, अधिवृक्क व जननग्रंथींना तीच आज्ञा देते आणि वृद्धिसंप्रेरक, म्हणजे ग्रोथ हार्मोन, स्वतः स्रवते. हे केवळ मुलांची उंची वाढविण्यासाठी असते, असा आपला समज असतो. प्रौढपणीही चरबी, स्नायू, हाडे आणि हृदयाचे स्नायू यांवर त्याचा अंमल चालतो. ते आटले की पोटाभोवती चरबी साठते, घातक कोलेस्टेरॉल वाढते, रक्तवाहिन्या कडक होतात आणि हृदयाची शक्ती घटते. माणूस सदा थकलेला दिसतो. घरचे म्हणतात, वय झाले!

ही ग्रंथी बहुधा तिच्यातील गाठीमुळे, त्या गाठीच्या शस्त्रक्रियेमुळे किंवा किरणोपचारामुळे निकामी होते. परंतु आणखी दोन कारणे आपण लक्षात ठेवावीत. पहिले, बाळंतपणातील अतिरक्तस्राव. 1937 साली शीहान यांनी त्याचे वर्णन केले. अशा मातेला दूध येत नाही, पाळी परत सुरू होत नाही आणि निदान कधी कधी वीस वर्षांनी होते. दुसरे, घोणस चावणे. ब्रह्मदेशातील अशा रुग्णांचा वृत्तांत 1987 साली प्रसिद्ध झाला. आपल्या देशातही असे रुग्ण आढळले आहेत. शिवथरच्या खोऱ्यात भातकापणीच्या दिवसांत घोणशीचे भय कोणाला ठाऊक नाही? जीव वाचतो, मूत्रपिंड सावरते, सर्वांना हायसे वाटते. ग्रंथीची हानी मात्र काही जणांत महिन्यांनी वा वर्षांनी उघड होते. म्हणून थकवा घेऊन डॉक्टरांकडे जाताना जुना सर्पदंश किंवा जुने कठीण बाळंतपण आपणहून सांगावे.

आता हृदयाविषयी. स्वीडनमध्ये 333 रुग्णांचा अभ्यास 1990 साली प्रसिद्ध झाला. त्यांना बाकीची संप्रेरके मिळत होती, वृद्धिसंप्रेरक मात्र नव्हते. त्यांच्यात मृत्यू अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट झाले, विशेषतः हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी. सारा दोष या एकाच उणिवेचा म्हणता येत नाही. स्टेरॉइडची जास्त मात्रा व किरणोपचार यांचाही त्यात वाटा असावा, असे पुढील अभ्यासकांचे मत आहे.

उपचाराने काय साधते? 1989 साली लंडनमध्ये 24 प्रौढांना सहा महिने हे इंजेक्शन किंवा बनावट औषध देऊन पाहिले. ज्यांना खरे औषध मिळाले त्यांची चरबी सरासरी साडेपाच किलोंहून अधिक घटली व स्नायूंचे वजन जवळपास तितकेच वाढले. पुढील अभ्यासांत घातक कोलेस्टेरॉल उतरल्याचे आणि मानेच्या रक्तवाहिनीची भिंत पातळ झाल्याचेही दिसले. परंतु यामुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात व आयुष्य वाढते, असा यदृच्छ विभागणीच्या मोठ्या चाचणीचा पुरावा अजून नाही. रक्तातील साखर वाढू शकते, पाय सुजतात, सांधे दुखतात. कर्करोग असल्यास हे औषध वर्ज्य आहे. आणि ज्याची ग्रंथी धड आहे त्याने ते ताकदीसाठी घेऊ नये. अतिरिक्त वृद्धिसंप्रेरकाने हृदय उलट बिघडते. शहरांतील व्यायामशाळांत चालणाऱ्या प्रकारांकडे म्हणूनच सावधपणे पाहावे.

आपल्या समाजात एक प्रश्न हमखास विचारला जातो: हे बनते कशापासून? पूर्वी ते मृत मानवांच्या ग्रंथींतून काढीत. त्यातून मेंदूचा प्राणघातक रोग पसरल्याचे उघड झाल्यावर 1985 साली ते थांबविण्यात आले. आता ते प्रयोगशाळेत, मुख्यत्वे जिवाणूंमध्ये मानवी जनुक घालून, तयार करतात. रोज त्वचेखाली इंजेक्शन घ्यावे लागते. आठवड्यातून एकदा घ्यावयाच्या प्रकारास अमेरिकेत 2020 साली प्रौढांसाठी मान्यता मिळाली. खर्च मोठा असल्याने निदान पक्के हवे. नुसत्या एका रक्ततपासणीने ते होत नाही, कारण हे संप्रेरक दिवसभर सारखे स्रवत नाही. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात अंतःस्रावी ग्रंथींचा स्वतंत्र विभाग आहे.

शेवटी तपाविषयी. ग्रंथी निकामी झालेल्या व्यक्तीस बहुधा कॉर्टिसोलही कमी पडते व त्यासाठी स्टेरॉइडची गोळी रोज घ्यावी लागते. वृद्धिसंप्रेरक सुरू केल्यावर ही कमतरता अधिक उघडी पडते, म्हणून डॉक्टर आधी कॉर्टिसोल व मग थायरॉईड सावरतात. पर्युषणात चौविहार उपवासाच्या नादात ही गोळी चुकली, तर साखर व रक्तदाब एकदम खाली जाऊन प्राणावर बेतू शकते. तेव्हा अशा भगिनींनी वा बंधूंनी पच्चक्खाण घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे आणि महाराजसाहेबांनाही आपला आजार स्पष्ट सांगावा. घरच्यांनीही त्या दिवसांत गोळी घेतली का, एवढे विचारावे.